दुर्बिणीतला छोटा आरसा मापून घ्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

खानापूर, निपाणी, बेळगाव ग्रामीण अशा आपल्या भागातल्या हायस्कुलांना दुर्बिणी मिळाल्याच्या बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून येतात. मी त्या कापून ठेवतो. बातमीत ‘सहा इंची दुर्बीण’ असे लिहिलेले असते, देणगीदारांची नावे असतात, नारळ फोडतानाचा फोटो असतो. सहा इंच हा नळीच्या तळाशी बसवलेल्या मोठ्या आरशाचा व्यास. पण नळीच्या तोंडाजवळ, मधोमध, ४५ अंशांत तिरका बसवलेला आणखी एक छोटा सपाट आरसा असतो. त्याला दुय्यम आरसा किंवा सेकंडरी म्हणतात. त्याचे माप बातमीत नसते, कोटेशनमध्ये नसते आणि बिलातही नसते. गुरूच्या पट्ट्यांतले बारकावे मुलांना दिसणार की दोन फिकट रेघांवर समाधान मानावे लागणार, हे ठरण्यात या मापाचा मोठा वाटा असतो. म्हणून हे पत्र, थोडे लांबले तरी कृपया छापावे.

उद्यमबागेत माझे मशीनशॉप आहे. पंपाचे आणि हायड्रॉलिक सिलिंडरचे सुटे भाग बनवणे हा रोजचा धंदा. त्याच लेथवर मी दुर्बिणीचे फोकसर (डोळा लावायचे भिंग, म्हणजे आयपीस, धरून पुढेमागे सरकवणारा भाग), छोटा आरसा धरणारे होल्डर आणि तो होल्डर नळीच्या मध्यावर तोलून धरणारे स्पायडर बनवून देतो. शिक्षक येतात, इंजिनिअरिंगची मुले येतात, पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचे कौतुक ऐकून आरशासाठी स्वतः काच घासायला बसलेले हौशी लोक येतात. मोठ्या आरशाची माहिती प्रत्येकाला तोंडपाठ असते. छोट्याचे विचारले की उत्तर ठरलेले : “पन्नास मि.मी.चा घालूया की, बाजारात तोच मिळतोय.” माझ्याकडचा जुना टर्नरसुद्धा एकदा म्हणाला, “मालक, एवढा बारीक आरसा कशाला बसवतासा? मोठा असला तर उजेड जास्त पडंल की!” ऐकणाऱ्याला हे लगेच पटते. गोम नेमकी इथेच आहे.

दुर्बिणीत येणारा सगळा उजेड मोठा आरसा गोळा करतो. छोटा आरसा काहीच गोळा करत नाही. आलेला उजेड बाजूला वळवून आयपीसकडे पाठवणे एवढेच त्याचे काम. न्यूटनने १६६८ साली आपली पहिली परावर्ती दुर्बीण बनवली, तिच्यातही हीच व्यवस्था होती. पण हा आरसा येणाऱ्या उजेडाच्या वाटेतच उभा असतो आणि त्याची सावली मोठ्या आरशाच्या मध्यावर पडते. तो जेवढा मोठा, तेवढा उजेड कमी आत येणार. गरजेपेक्षा मोठा बसवला की दृश्याच्या मध्यभागी उजेड वाढत तर नाहीच, उलट घटतो. नाकापेक्षा मोती जड, अशी गत होते.

मग गरज किती? केंद्रांतर व्यासाच्या आठपट असलेली, म्हणजे एफ/८ची सहा इंची दुर्बीण घेऊ. शाळेसाठी ती सगळ्यात सोयीची. मोठा आरसा १५० मि.मी., केंद्रांतर १२०० मि.मी. आरशावरून परतणारा उजेड निमुळता होत १२०० मि.मी.वर एका बिंदूत, म्हणजे फोकसवर, येतो. आम्हा लेथवाल्यांच्या भाषेत हा एकास आठचा टेपर झाला. नळी २०० मि.मी. बाहेरच्या व्यासाच्या पीव्हीसी पाइपची आहे असे धरा. नळीच्या मध्यापासून बाहेरच्या अंगापर्यंत १०० मि.मी. त्यावर पूर्ण आत घेतलेला फोकसर ४० मि.मी. उंच. सगळ्या आयपीस फोकसमध्ये याव्यात म्हणून आणखी १० मि.मी. मोकळीक. एकूण १५०. छोट्या आरशावर आपटल्यावर उजेडाला अजून १५० मि.मी. जायचे आहे. टेपर एकास आठ, तेव्हा छोट्या आरशाच्या जागी उजेडाच्या झोताची जाडी १५० भागिले ८, म्हणजे १८.७५ मि.मी.

याहून लहान आरसा बसवणे म्हणजे पैसे पाण्यात. १६ मि.मी.चा बसवला तर मोठ्या आरशाच्या कडेवरून आलेला उजेड बाजूने निसटतो आणि १५०च्या आरशाचे पैसे मोजून आपण १२८ मि.मी.ची दुर्बीण वापरत बसतो. बरोबर १८.७५चाही उपयोग नाही. त्यात पूर्ण उजेड फक्त अगदी मधल्या बिंदूला मिळतो, आणि होल्डरची कड आरशाचा एखादा मि.मी. झाकते ते वेगळेच. मध्यभागी थोडे क्षेत्र पूर्ण उजळलेले हवेच. किती हवे यावर हौशी मंडळींत वाद आहेत. माझे मत असे की शाळेच्या दुर्बिणीत पूर्ण चंद्र मावेल एवढे असावे. या दुर्बिणीत चंद्राची प्रतिमा फोकसवर सुमारे ११ मि.मी. व्यासाची पडते. आता हिशेब करा. मोठ्या आरशाच्या १५०मधून ११ वजा केले, उरले १३९. त्याला १५०ने गुणायचे (हे छोट्या आरशापासून फोकसपर्यंतचे अंतर, मोठ्या आरशाचा व्यास नव्हे, इथे योगायोगाने आकडा एकच आहे), १२००ने भागायचे आणि उत्तरात ते ११ परत मिळवायचे. आले २८.४. समरूप त्रिकोण वापरून दहावीतला कुठलाही मुलगा हे वहीत करून दाखवेल, मग तो मराठी माध्यमाचा असो की कन्नड माध्यमाचा.

म्हणून २८ मि.मी.च्या आसपास जो आरसा मिळेल तो घ्यावा. घेताना एक खबरदारी. हा आरसा लंबवर्तुळाकार असतो, कारण ४५ अंशांत तिरका ठेवल्यावर तो समोरून गोल दिसायला हवा. त्याचा मोठा अक्ष लहान अक्षाच्या १.४१४ पट. २८चा आरसा लांबीला जवळजवळ ४० भरतो. विक्रेता ‘चाळीसचा’ म्हणाला तर कुठला अक्ष हे विचारून घ्या. वरचा सगळा हिशेब लहान अक्षाचा आहे.

आता २८ आणि ५० यांत बिघडते काय? निव्वळ उजेडाचा विचार केला तर फार नाही. २८चा आरसा मोठ्या आरशाचे साडेतीन टक्के क्षेत्रफळ झाकतो, ५०चा अकरा टक्के. एवढा फरक डोळ्याला कळतही नाही. खरे नुकसान दुसरीकडे होते. तारा दुर्बिणीतून कधीच शुद्ध बिंदू दिसत नाही. प्रकाश लहरींचा असल्यामुळे त्याची एक इवलीशी तबकडी दिसते आणि तिच्याभोवती फिकट वलये. वाटेत काहीच अडथळा नसेल तर सुमारे ८४ टक्के उजेड तबकडीत राहतो. २८च्या आरशाने, म्हणजे व्यासाच्या १९ टक्के अडथळ्याने, तो ७७ टक्क्यांच्या आसपास येतो. ५०चा आरसा व्यासाचा एक तृतीयांश अडवतो आणि तबकडीत राहतो सुमारे ६५ टक्के. बाकीचा वलयांत पसरतो. गुरूचे बिंब अशा असंख्य तबकड्यांचे बनलेले. प्रत्येकीचा उजेड शेजारी सांडला की गडद पट्टा थोडा उजळतो, उजळ पट्टा थोडा मळतो आणि त्यांच्यामधली रेघ पुसट होते. शनीच्या कड्यांतली कॅसिनीची फट, गुरूवरचा तांबडा डाग, मंगळावरचे काळपट भाग यांची मजा याच फरकावर असते. व्यासाच्या २० टक्क्यांच्या आत अडथळा राहिला तर डोळ्याने बघणाऱ्याला तो जवळजवळ जाणवत नाही, असा दुर्बीण बनवणाऱ्यांचा जुना अनुभव आहे आणि माझाही आहे.

खानापूर तालुक्यातल्या एका हायस्कूलची दुर्बीण ५०चा आरसा लावूनच आली होती. कोणी पुरवली ते सांगत नाही, कारण असा प्रकार एकट्या त्याच पुरवठादाराचा नाही. मी २८चा आरसा आणून होल्डर नवीन बनवला. नुसते ‘आता छान दिसते’ म्हणण्याला अर्थ नसतो. आकाशातली हवा रोज वेगळी असते. म्हणून काळ्या कार्डशीटची ५० मि.मी.ची चकती कापली आणि होल्डरच्या पाठीवर बसेल अशी चिमट्याची सोय केली. चकती लावली की अडथळा ५०चा, काढली की २८चा. आकाश तेच, आयपीस तीच, मध्ये फार तर अर्धा मिनिट. हिवाळ्याची रात्र होती आणि गुरू चांगला वर आलेला. १० मि.मी.ची आयपीस लावली, म्हणजे १२० पट. शिक्षकांनी मुलांकडे पाठ करून नळीच्या तोंडाशी उभे राहायचे, मनाला येईल तशी चकती लावायची किंवा नुसताच हात फिरवायचा, आणि मुलांनी जे दिसले ते वहीत काढायचे. चकती कधी होती हे त्यांना सांगितले नव्हते. काही मुलांना फरक कळला नाही. पहिल्यांदाच आयपीसला डोळा लावणाऱ्याचे असे होतेच. पण जी मुले आयपीसवरून लवकर हलत नव्हती त्यांच्या चित्रांत फरक उघड होता. एक नववीतली मुलगी म्हणाली, “सर, मगाशी पट्ट्याला खालून खाच होती की, आता गेली.” शिक्षकांनी हात वर केला, चकती नुकतीच लावली होती. नंतर चंद्रावर हाच प्रयोग केला, तिथे कुणालाच फरक सांगता आला नाही. हेही लिहिले पाहिजे. चंद्रावरच्या विवरांच्या सावल्या इतक्या काळ्या असतात की त्यांना एवढे नुकसान सोसते.

ही चकती कोणत्याही शाळेला पाच मिनिटांत करता येते. आरसा बदलायच्या आधी आपल्याच डोळ्यांनी खात्री करून घ्यावी असे मी सगळ्यांना सांगतो. ज्यांच्याकडे आधीच ५०चा आरसा आहे त्यांना चकतीने अडथळा कमी करता येणार नाही हे खरे, पण तो आणखी वाढवला की काय बिघडते ते कळेल.

माझ्या धंद्याशी संबंधित भाग फोकसरचा. बाजारातले पुष्कळ फोकसर उंच असतात. वरच्या हिशेबात ४०च्या जागी ९० मि.मी.चा फोकसर धरा. अंतर १५०चे २०० होते आणि छोटा आरसा २८चा ३४ घ्यावा लागतो. फोकसर ५० मि.मी. उंच झाला की आरसा ६ मि.मी. वाढला. बुटका फोकसर बनवणे अवघड नाही. उद्यमबागेत शंभर मीटरच्या आत ॲल्युमिनियमचा बार, लेथ आणि थ्रेडिंग करणारा माणूस सगळे मिळते. फक्त एक बघावे लागते. फोकसर आत फिरवल्यावर त्याची नळी मोठ्या नळीत डोकावता कामा नये, नाहीतर तीच उजेड अडवते. आणि आरसा मागवायच्या आधी शाळेकडच्या सगळ्या आयपीस, बार्लो (प्रतिमा आणखी मोठी करणारे जोडभिंग) असेल तर तीही, एकेक लावून फोकस कुठे येतो ते प्रत्यक्ष मोजावे. कागदावरची १० मि.मी. मोकळीक कधी कधी पुरत नाही.

स्पायडरच्या पात्यांना लोक नाहक जाड पत्रा वापरतात. अर्ध्या-पाऊण मि.मी.ची पोलादी पट्टी ताणून बसवली तर पुरते. हॅक्सॉचे ब्लेडही मी वापरले आहे.

कुणी विचारेल, २८चा बसवला तर दृश्याच्या कडेला अंधार नाही का होणार? होतो, पण बेताचा. २५ मि.मी.च्या साध्या आयपीसच्या अगदी काठावर मध्याच्या सुमारे तीन चतुर्थांश उजेड मिळतो. ताऱ्यांच्या तेजस्वितेचे माप म्हणजे प्रत, तिच्यात हा फरक ०.३ एवढा. मध्याकडून काठाकडे तो हळूहळू होत जातो, त्यामुळे डोळ्याला समजतच नाही. जांबोटी-कणकुंबीकडच्या काळ्याभोर आकाशात देवयानी दीर्घिका बघतानाही मला कधी कडेचा अंधार खटकला नाही.

मोठ्या मापाचा दुय्यम आरसा कुठे योग्य तेही सांगतो, नाहीतर माझे म्हणणे एकांगी होईल. फोटो काढायचे असतील तर तो लागतो. डीएसएलआर कॅमेऱ्याचा नेहमीचा सेन्सर कर्णावर २८ मि.मी. भरतो, त्यातून कॅमेऱ्याचा सेन्सर बॉडीत खोल असतो, म्हणून फोकस आणखी बाहेर आणावा लागतो. कॅमेरा डोळ्यासारखा दयाळू नाही, फोटोत कोपरे काळवंडलेले स्पष्ट दिसतात. तसेच आखूड दुर्बीण. मोटरसायकलवरून राजहंसगडावर न्यायला बरी म्हणून मुले एफ/५ मागतात. तिथे केंद्रांतर ७५०, टेपर एकास पाच, आणि फोकसवरच्या त्याच ११ मि.मी. क्षेत्रासाठी आरसा लागतो जवळजवळ ३९ मि.मी.चा. अडथळा २६ टक्के. न्यायला-आणायला सोपी पडते तर ही किंमत मोजायला हरकत नाही, पण आपण काय मोजतो आहोत ते माहीत असावे. शाळेची दुर्बीण मात्र खोलीतून मैदानावर आणि मैदानावरून खोलीत एवढीच फिरते. तिला एफ/८ आणि लहान मापाचा दुय्यम आरसा हेच बरे.

लहान मापाचा दुय्यम आरसा स्वस्त पडतो. वाचलेला पैसा त्याच्या सपाटपणावर घालावा. ड्रेसिंग टेबलाच्या आरशाचा तुकडा कापून लावलेला मी पाहिला आहे. त्याचा मुलामा काचेच्या मागे असतो, त्यामुळे पुढून एक आणि मागून एक अशा दोन प्रतिमा येतात. मुलामा पुढच्या पृष्ठभागावरच हवा. आणि सपाटपणा प्रकाशाच्या लहरीच्या निदान एक चतुर्थांशाच्या आत हवा, म्हणजे एका मि.मी.च्या सुमारे सात हजाराव्या भागाइतका. माझ्या शॉपमधले एकही माप-यंत्र हे मोजू शकत नाही. खात्रीच्या ठिकाणाहूनच घ्यावे लागते. आरसा अगदी थोडा खोलगट असला तरी ४५ अंशांत ठेवल्यामुळे तारा फोकसच्या एका बाजूला उभा आणि दुसऱ्या बाजूला आडवा लांबट दिसतो. मुख्य आरसा फिरवूनही लांबटपणाची दिशा बदलली नाही आणि डोके तिरके करून पाहिले तरी ती तशीच राहिली, तर संशय छोट्या आरशावर घ्यावा.

आता विनंती. ज्या माजी विद्यार्थी संघटना, सहकारी सोसायट्या आणि दानशूर मंडळी शाळांना दुर्बीण देतात त्यांनी कोटेशन मागताना चार मापे लेखी मागावीत : मोठ्या आरशाचा व्यास, केंद्रांतर, छोट्या आरशाचा लहान अक्ष, आणि छोट्या आरशाच्या मध्यापासून फोकसपर्यंतचे अंतर. ही चार हातात आली की वरचा हिशेब कोणताही गणिताचा शिक्षक करील. पुरवठादाराने चौथे माप दिले नाही तर त्याने ते काढलेलेच नाही असे समजावे. शिक्षकांनी हा हिशेब दहावीच्या वर्गात फळ्यावर करून घ्यावा. समरूप त्रिकोणांना याहून चांगले उदाहरण शाळेच्या आवारात सापडणार नाही. आणि आपल्या वार्ताहरांनाही सांगणे आहे की पुढच्या वेळी दुर्बिणीची बातमी देताना सहा इंचांच्या शेजारी छोट्या आरशाचे मापही विचारून छापावे. एकदा ते पेपरात यायला लागले की पुरवठादार आपोआप लिहायला लागतील.

बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या भागातल्या ज्या सरकारी किंवा अनुदानित शाळेला २८ किंवा हिशेबाने येईल त्या मापाचा आरसा बसवायचा आहे, तिचा होल्डर आणि स्पायडर मी मजुरी न घेता करून देईन. आरसा शाळेने आणावा. माझा पत्ता आपल्या कार्यालयात ठेवला आहे. पावसाळ्यात आकाश दिसत नाही आणि शॉपमध्ये कामही थोडे कमी असते, तेव्हा जून ते सप्टेंबर हाच काळ यासाठी बरा. येताना नळी आणि फोकसर दोन्ही सोबत आणावेत. फोनवर सांगितलेल्या मापावर मी जॉब लेथवर चढवत नाही.

आपला,
एक मशीनशॉपवाला
उद्यमबाग, बेळगाव